अळिंबीच्या खोलीला श्वास हवा

आमच्या गोठ्यात उगवलेली पहिली धिंगरी पाहून ती अळिंबी आहे यावर कुणाचा विश्वास बसला नसता. चार-चार बोटं लांब दांडे, टोकाला शर्टाच्या बटनाएवढी टोपी, आणि सगळे दांडे दाराच्या फटीकडे वळलेले.

गाई विकल्यावर रिकामा पडलेला तो दहा बाय बारा फुटांचा गोठा. अळिंबीला ८० ते ९० टक्के आर्द्रता लागते एवढं मी पक्कं वाचलं होतं. म्हणून भिंतींच्या फटी सिमेंटने बुजवल्या, खिडकीला आतून जाड प्लास्टिक मारलं, कौलांखाली ताडपत्री ताणली आणि दिवसातून पाच वेळा पाणी फवारलं. आर्द्रता भरपूर मिळाली, अळिंबी नाही. एक दिवस आई आत आली, क्षणभर उभी राहिली आणि पदर नाकाला लावून म्हणाली, "अरे, म्हशीलाही आपण कधी असं कोंडलं नव्हतं."

तिचं निदान बरोबर होतं. अळिंबी ही हिरवी वनस्पती नव्हे. ती तुमच्या-माझ्यासारखा प्राणवायू घेते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. बाहेरच्या हवेत दहा लाख भागांत साधारण ४२० भाग कार्बन डायऑक्साइड असतो. अळिंबी फुटायच्या वेळी खोलीत तो हजाराच्या वर गेला की दांडा लांबत जातो आणि टोपी खुरटते. रानात, पालापाचोळ्याखाली अडकलेल्या अळिंबीला हाच स्वभाव उपयोगी पडतो. दांडा लांबवून ती मोकळ्या हवेत डोकं काढते. माझ्या गोठ्यातली तेच करत होती, फक्त बाहेर पडायला तिला वाट नव्हती.

वारुळाकडे मी त्यानंतर नीट पाहायला लागलो. पहिल्या पावसानंतर आपल्याकडे वारुळाभोवती उगवणारी, गोव्यात 'रोयण अळमी' म्हणून रस्त्याकडेला विकायला येणारी रानअळिंबी मुळात वाळवीने वारुळाच्या पोटात जोपासलेल्या बुरशीची असते. वाळवी कुजका पाला-लाकूड आत नेते, त्यावर बुरशी वाढवते आणि तीच खाते. बाहेर ऊन असो की पाऊस, आतला ओलावा टिकतो, उष्मा फारसा हलत नाही, आणि मातीच्या सच्छिद्र भिंतींतून, भुयारांतून हवा खेळत राहते. अळिंबीची खोली बांधायची म्हणजे हे वारूळ विटा-सिमेंटात उभं करायचं. पाणी सगळ्यांच्या लक्षात राहतं, हवा राहत नाही. या लेखात हवेबद्दल जास्त आणि बाकीबद्दल कमी वाचायला मिळालं, तर ते त्यामुळेच.

आधी कोणती अळिंबी, ते ठरवा. बाजारात मशरूम म्हटलं की डोळ्यांपुढे पांढरं बटन येतं. त्याला पीक येताना १४ ते १८ अंश सेल्सिअस तापमान लागतं आणि खास कुजवलेलं कंपोस्ट लागतं. सातारा-नाशिकच्या थंडीतही ते घरगुती खोलीत जमणं कठीण, म्हणजे वातानुकूलन आलं, विजेचं बिल आलं. नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. धिंगरी, म्हणजे ऑयस्टर, साध्या काडावर येते आणि तिच्या साजोर-काजू जातीला २० ते ३० अंश चालतात. फ्लोरिडा ही पांढरी जात थोडी थंडी मागते, गुलाबी जात उष्मा जास्त सोसते. एप्रिल-मेमध्ये ३० ते ३५ अंशांत येणारी दुधी अळिंबी आहे, पण तिच्या बेडवर, म्हणजे काड भरलेल्या पिशवीवर, मातीचा थर द्यावा लागतो. ते दुसऱ्या वर्षीसाठी ठेवा. इथून पुढे मी बोलतोय ते धिंगरीच्या खोलीबद्दल.

जागा निवडताना गोठा, कुडाची जुनी खोली, तळघर, गॅरेज, काहीही चालेल. राहत्या घरातली खोली मात्र नको. कारण पुढे सांगतो. पश्चिमेची भिंत झाडाच्या सावलीत असेल तर निम्मं काम झालं. आमच्या गोठ्याच्या मागे पंधरा पावलांवर उकिरडा होता. शेणात वाढणाऱ्या बारीक काळ्या माश्या तिथून निघत आणि थेट बेडवर बसत. उकिरडा हलवला तेव्हाच त्या कमी झाल्या. कोंबड्यांचं खुराडं, गोबरगॅसची टाकी, कुजका चारा, यांपासून लांब राहा आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला तर मुळीच बांधू नका.

दुसरा प्रश्न गावाच्या हवेचा. कूलर लावला की काम झालं असं नागपूरकडचे लोक सांगतात आणि ते खरंही असतं. तोच कूलर रत्नागिरीत लावला तर नुसता घाम वाढतो. कारण साधं आहे. पाण्याचं बाष्प होताना हवा थंड होते, पण हवेत बाष्पाला जागा असेल तरच. मे महिन्यात नागपुरात ४३ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक २४ अंशांच्या आसपास उतरतो. रत्नागिरीत ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असेल, तर तो २८ च्या खाली येतच नाही. कूलर त्या ओल्या तापमापकाच्या खाली कधीच जाऊ शकत नाही. प्रत्यक्षात तो चार अंश वरच थांबतो. म्हणून विदर्भ-मराठवाड्यात खोलीला वाळ्याचे ताटवे आणि कूलर द्या, कोकणात जाड छप्पर आणि भरपूर वारा द्या. आणि दोन्हीकडे ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ आधी पदरात पाडून घ्या. निसर्गाशी भांडून काढलेल्या उन्हाळी पिकाचा खर्च बहुतेक वेळा विक्रीपेक्षा मोठा निघतो.

आता मांडणी. दहा बाय बारा फुटांच्या खोलीत किती बेड मावतात याचे भन्नाट आकडे प्रशिक्षणवर्गांच्या जाहिरातींत वाचायला मिळतात. आपण कागदावर करून पाहू. ३५ बाय ५५ सेंटिमीटरच्या पिशवीत साधारण एक किलो कोरडं काड बसतं, जे भिजून तीन किलोंचं होतं. असे चार बेड एकाखाली एक नायलॉनच्या दोरीत बांधून टांगायचे. सर्वांत खालचा बेड जमिनीपासून फूटभर वर, सर्वांत वरचा छतापासून दीड-दोन फूट खाली. अशा दोऱ्या दीड-दीड फुटावर, एका रांगेत सात. बारा फूट लांबीतले दहा फूट रांगांसाठी, दोन फूट दाराजवळ मोकळे. दहा फूट रुंदीत दोन्ही भिंतींलगत, पण भिंतीला न टेकवता, एकेक रांग, मध्ये दोन रांगा, आणि कडेच्या व मधल्या रांगांच्या मध्ये दोन-दोन फुटांच्या दोन वाटा. झाल्या चार रांगा, २८ दोऱ्या, ११२ बेड. यापेक्षा जास्त टांगले तर बेडभोवती हवा फिरत नाही आणि तोडणी करताना कोपराने टोप्या फुटतात. मी एकदा दीडशे टांगले होते. हातात आलं ते शंभर बेडचंच पीक.

११२ बेडांचं वजन ३३६ किलो. ते जुन्या वाशांवर टाकू नका. वासे मोडतील म्हणून नव्हे, तर लाकूड हेच बुरशीचं अन्न आहे म्हणून. ओल्या खोलीतला वासा, बांबू, सुतळी, काथ्या, पोतं, पुठ्ठा, यांवर महिन्याभरात हिरवी बुरशी धरते आणि तिथून ती बेडवर उतरते. आम्ही जी.आय. पाइप भिंतीत बसवले. दार लाकडी होतं, ते फुगून अडकायला लागलं. न्हाणीघराला लावतात तसलं पीव्हीसीचं दार त्या जागी आलं. खिडक्यांवर ओली पोती टांगा असा सल्ला सगळीकडे मिळतो. टांगायचीच तर जाळीच्या बाहेरून टांगा आणि आठवड्याला ब्लीचिंग पावडरच्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवा. आत टांगलेलं पोतं म्हणजे शत्रूला दिलेली गादी.

जमीन कोब्याची हवी. शेणाने सारवलेल्या जमिनीवर आपलं कितीही प्रेम असलं तरी इथे ती नको. बारा फुटांना दोन इंच उतार मोरीकडे, मोरीला बारीक जाळी, आणि भिंत-जमीन जिथे मिळतात तिथे गवंड्याकडून वाटा मारून घ्या. काटकोनात साचलेली घाण झाडूला लागत नाही, गोलाईत लागते. भिंतींना सिमेंटचा गुळगुळीत गिलावा आणि वर चुना. महागडा बुरशीरोधक रंग मी लावून पाहिला, पण दर खेपेनंतर नव्याने चुना मारणं मला जास्त भरवशाचं वाटतं.

छप्पर हा खोलीचा सर्वांत नाजूक भाग. पत्र्याखाली दोन संकटं असतात. दिवसा तो तापतो. रात्री तो गार पडला की आतली वाफ त्याला लागून पाण्याचे थेंब होतात आणि ते टपटप बेडवर पडतात. टोपीवर पाण्याचा थेंब तासन् तास राहिला की तिथे पिवळा चिकट डाग पडतो. जिवाणूंचा रोग तो, आणि त्या अळिंबीला गिऱ्हाईक नाही. पत्र्यावर बाहेरून चुना मारा, शक्य असेल तर उसाचं पाचट किंवा भाताचा पेंढा पसरा. आतून पत्र्यापासून फूटभर खाली थर्माकोलच्या किंवा फोमच्या तक्त्यांचं दुसरं छत करा, त्याखाली प्लास्टिक ताणा, आणि ते सपाट न ठेवता एका भिंतीकडे कलतं ठेवा, म्हणजे थेंब घसरत भिंतीकडे जातात. कौलारू घर असेल तर उन्हाचा त्रास कमी, पण कौलांतून माश्या सहज येतात. तिथेही खालचं छत लागतंच.

आता हवा. आम्ही सुरुवातीला न्हाणीघराला असतो तसा सहा इंची एक्झॉस्ट पंखा बसवला. तो आतली हवा बाहेर फेकायचा. दांडे आखूड झाले, टोप्या पसरल्या, आणि दोन आठवड्यांत खोली माश्यांनी भरली. डोकं खाजवल्यावर कळलं की पंखा हवा बाहेर ओढतो म्हणजे तेवढीच हवा कुठून तरी आत येते, आणि ती दाराखालच्या फटीतून, कौलांतून, वायरच्या भोकातून, माश्यांसकट येते. मग पंखा काढला आणि उलटा लावला. आता तो बाहेरची हवा जाळीतून आत ढकलतो, आणि उरलेल्या सगळ्या फटींतून हवा बाहेर पडत राहते. माशीला वाऱ्याविरुद्ध फटीतून शिरणं अवघड. या एका बदलाने जेवढा फरक पडला तेवढा कुठल्याही औषधाने पडला नाही.

जाळी चाळीस मेशची हवी. डासांची जाळी या बारीक माश्यांना म्हणजे उघडं दार. एवढ्या बारीक जाळीतून हवा कष्टाने जाते, म्हणून ती पंख्याच्या तोंडावर घट्ट मारू नका. पंख्याच्या बाहेरच्या बाजूला दीड फुटी चौकोनी खोका करा आणि त्याच्या सगळ्या अंगांना जाळी लावा. जाळीवर धूळ बसते, ती दर रविवारी धुवा. हवा बाहेर जायची दोन भोकं समोरच्या भिंतीत, जमिनीपासून फूटभर उंचीवर ठेवा. वारा पडलेल्या खोलीत सर्वांत खालच्या बेडचे दांडे आधी लांबतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. त्या भोकांनाही जाळी हवी.

पंखा किती वेळ चालवायचा, याचा हिशेब सोपा आहे. दहा गुणिले बारा गुणिले नऊ फूट उंची, म्हणजे १०८० घनफूट हवा. सहा इंची पंखा मिनिटाला दीडशे घनफुटांच्या आसपास हवा टाकतो, नेमका आकडा खोक्यावर छापलेला असतो. जाळीने अडणारी हवा वजा करून आपण शंभर धरू. म्हणजे अकरा मिनिटांत खोलीतली हवा एकदा बदलली. भरलेल्या खोलीला तासाला चार ते सहा वेळा हवा बदलून लागते, तेव्हा टायमरवर वीस मिनिटं चालू, पाच मिनिटं बंद असं ठेवा. अर्धीच खोली भरली असेल तर निम्मा वेळ पुरे. उन्हाळ्यात जास्त हवा रात्री आणि पहाटे घ्या, जानेवारीच्या थंडीत दुपारी.

पण पंख्यासमोरचे बेड सुकायला लागतात. टोपीच्या कडा फाटून कडक होतात. त्यावर एक स्वस्त युक्ती आहे. फूटभर व्यासाची प्लास्टिकची लांब नळी पंख्याच्या तोंडाला बांधा, छताखालून खोलीभर न्या, शेवटचं टोक गाठ मारून बंद करा, आणि दोन्ही बाजूंना खालच्या अंगाला हात-हातभर अंतरावर रुपयाएवढी भोकं पाडा. पंखा सुरू झाला की नळी फुगते आणि हवा खोलीभर सारखी उतरते. मोठ्या अळिंबी कारखान्यांतही हेच तत्त्व वापरतात; आपली नळी फक्त घरी केलेली, एवढाच फरक.

आता पाणी. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास ठेवा, शंभराच्या मागे लागू नका. अळिंबी आपल्या अंगातून थोडं पाणी हवेत सोडते तेव्हाच काडातून नवं पाणी वर ओढते. पूर्ण भिजलेल्या हवेत ती नुसती फुगते आणि सडते. पॉलिहाउसवाल्यांकडे मिळतो तो चार तोंडी फॉगर तासाला २८ लिटरच्या आसपास पाणी फेकतो. या खोलीला असे दोन पुष्कळ झाले, तेही दर दोन-तीन तासांनी मिनिट-दीड मिनिट. त्याला पाण्याचा दाब चांगला लागतो आणि बोअरच्या जड पाण्याने त्याची छिद्रं क्षारांनी बुजतात, तेव्हा गाळणी बसवा. वीस-पंचवीस बेडांसाठी पाठीवरचा पंप पुरतो. पण तो नवा घ्या. तणनाशक मारलेला पंप तीनदा धुतला तरी इथे वापरायचा नाही, हे लिहून भिंतीवर लावा.

आर्द्रता मोजायची कशी? दोन साधे तापमापक घ्या, एकाच्या फुग्याला ओलं मलमल गुंडाळा आणि त्याचं टोक पाण्याच्या वाटीत सोडा. दोन्हींतला फरक एक-दोन अंशांचा असेल तर हवा चांगली ओली आहे. पाच-सहाचा असेल तर फवारा. काही शे रुपयांचं डिजिटल यंत्र सोयीचं असतं, मात्र त्याच्यावर डोळे झाकून विश्वास नको. घट्ट झाकणाच्या डब्यात एका वाटीत खायचं मीठ थोड्या पाण्यात कालवून चिखलासारखं करा, शेजारी ते यंत्र ठेवा आणि रात्रभर झाकून ठेवा. सकाळी ते ७५ दाखवायला हवं. मिठाच्या ओल्या लगद्यावरची बंद हवा तेवढ्यावर स्थिरावते. आमचं यंत्र ८४ दाखवत होतं. म्हणजे मी कितीतरी दिवस नऊ टक्के जास्त समजून खुशीत होतो.

उजेडावर फार शब्द खर्चायला नकोत. झाडांसाठी विकतात ते जांभळे दिवे घेऊ नका, अळिंबीला उजेडापासून अन्न बनवायचं नसतं. आकार घ्यायला आणि रंग यायला दिवसाचे आठ-दहा तास वर्तमानपत्र वाचता येईल एवढा प्रकाश पुरतो. पण दिवे आणि पंखा लावताना वायरमनला दोन गोष्टी ठणकावून सांगा: बटनांचा बोर्ड खोलीच्या बाहेर, आणि लाइनवर ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच. ओली जमीन, ओले हात आणि लोखंडी पाइप एकत्र आहेत. इथे पैसे वाचवणाऱ्याला मी समजावत बसणार नाही.

आतापर्यंत सांगितली ती पीक काढायची खोली. त्याआधी बेडला १५ ते २० दिवस अंधारात पांढरं व्हावं लागतं, म्हणजे बुरशीचे धागे काडभर पसरावे लागतात. त्यासाठी दुसरी, निम्म्या आकाराची खोली पुरते. तिथे २४ ते २८ अंश, फवारणी नाही, उजेड नाही, हवाही थोडी कमी चालते. लक्ष ठेवायचं ते एकाच गोष्टीवर: काडात काम सुरू झालं की बेड आतून गरम होतो, खोलीपेक्षा तीन-चार अंश जास्त. बेड एकमेकांवर रचले तर मधले ३५ च्या वर जातात आणि काडात पेरलेलं बियाणं मरतं. मांडणीवर सुटे-सुटे ठेवा. आम्ही गव्हाणीच्या जागी लोखंडी मांडणी लावली आणि तिच्याभोवती काळा कापडी आडोसा केला, तेवढ्यावर पहिली दोन वर्षं निघाली.

काड भिजवायचं, शिजवायचं काम या दोन्ही खोल्यांपासून दूर, अंगणात. आमच्या भोरकडे भाताचं काड मिळतं, विदर्भात सोयाबीनचं कुटार, मराठवाड्यात गव्हाचं काड. काहीही चालेल, पण यंदाचं आणि पावसात न भिजलेलं. फॉर्मेलिन आणि बाविस्टीनच्या पाण्यात काड बुडवून ठेवायची पद्धत बरीच रूढ आहे. फॉर्मेलिनने डोळे-घसा जळतो आणि त्याचा संबंध कर्करोगाशी आहे. मी दोनशे लिटरच्या पिंपात ८० अंशांच्या पाण्यात तासभर काड ठेवतो. सरपण लागतं, पण रात्री झोप लागते. काड निथळल्यावर मुठीत दाबून पाहा: तळवा ओला व्हावा, थेंब पडू नये. ओल्या काडाच्या दोन टक्के बियाणं, म्हणजे तीन किलोंच्या बेडला ६० ग्रॅम. बियाणं कुठून घ्यायचं, हे विचारायला पुण्याच्या कृषी महाविद्यालयात जा. तिथे अखिल भारतीय समन्वित अळिंबी प्रकल्पाचं केंद्र आहे. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातही चौकशी करा. देशभरातलं मुख्य संशोधन हिमाचलमधल्या सोलनच्या अळिंबी संशोधन संचालनालयात चालतं.

माणसांची वाटही ठरवून द्या. काड एका दाराने येईल, वापरलेला बेड दुसऱ्या दाराने जाईल. एकच दार असेल तर वेळ वाटून घ्या: सकाळी आधी तोडणी, मग फवारणी, शेवटी खराब बेड बाहेर; आणि तो हातात घेतल्यावर परत आत यायचं नाही. हिरवी बुरशी दिसलेला बेड उघडून तपासायचा मोह होतो. पिशवीसकट बाहेर न्या. दाराबाहेर ब्लीचिंगच्या पाण्याचा उथळ हौद, आत वेगळ्या चपला. पाहुण्यांना खोली दाखवायची हौस आवरा. माझ्या मेव्हण्यांचं मन राखायला मी एकदा दहा जणांना आत नेलं होतं. त्यानंतरची खेप कशी गेली, ते त्यांना अजून सांगितलेलं नाही.

राहत्या घरातली खोली नको म्हणालो, त्याचं कारण आता. धिंगरी पिकली की टोपीखालून पिठासारखे असंख्य बीजाणू उडतात. सकाळी खोलीत धूर साठल्यासारखं दिसतं. रोज त्यात काम करणाऱ्यांना खोकला, कणकण, धाप लागू शकते, आणि काहींची ती कायमची सोबत होते. टोपीच्या कडा वर वळायच्या आत तोडणी केली तर बीजाणू कमी उडतात आणि वजनही चांगलं भरतं. तरी मास्क लावा, आत जाण्याआधी दहा मिनिटं पंखा चालवा, आणि हवा बाहेर पडणारी भोकं घराच्या किंवा शेजाऱ्याच्या खिडकीकडे ठेवू नका. दमा असलेल्या माणसाने हे काम दुसऱ्यावर सोपवावं.

पीक किती येईल? एक किलो कोरड्या काडाला ६०० ते ८०० ग्रॅम ताजी अळिंबी आली तर खोली नीट बसली म्हणा. हात बसला की किलोभरही येते. ६००-८०० ग्रॅमच्या हिशेबाने ११२ बेडांतून तीन तोडण्यांत ६७ ते ९० किलो. त्यातली निम्मी पहिल्या तोडणीत, चार-पाच दिवसांत येते, आणि ती फ्रिजमध्येही फार दिवस टिकत नाही. म्हणून सगळे बेड एका दिवशी भरू नका. दर आठवड्याला २८ भरा, चार आठवडे. सगळे संपले की खोली पूर्ण रिकामी करा, धुवा, चुना मारा आणि आठ दिवस कोरडी ठेवा. जागा असेल तर एका मोठ्या खोलीऐवजी दोन लहान बांधा, एक धुवायला निघाली की दुसरी चालू राहते. न खपलेली अळिंबी वाळवता येते, दहा किलोंची एक किलो होते. "बेड आम्ही देतो, माल आम्हीच विकत घेऊ" असं सांगत येणाऱ्यांपासून मात्र सावध राहा. आधी गावातल्या दोन खानावळी आणि दहा घरं पक्की करा, मग विटा मागवा.

आणि विटा मागवायच्याही आधी एक काम करा. ज्या जागेत खोली करायची आहे तिथे आजच दोन तापमापक टांगा, एक कोरडा आणि एक ओल्या फडक्याचा. पहाटे सहा, दुपारी तीन आणि रात्री दहा वाजता दोन्हींचे आकडे वहीत लिहा. पंधरा दिवस लिहा. दुपारी तीनचा कोरडा आकडा सतत तिशीच्या वर असेल, तर आधी छप्पर सुधारा आणि बाकीचे पैसे तोवर खिशातच राहू द्या.